हिलमन हंटर, १:३२ : एका रॅली स्लॉट कारच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

ठरलं एकदाचं. हिलमन हंटर. १९६८ च्या लंडन–सिडनी मॅरेथॉन नावाच्या मोटर रॅलीतली, ७५ नंबरची. स्ट्रॅटोस नाही, क्वाट्रो नाही, एस्कॉर्टपण नाही, त्या सगळ्या गाजलेल्या रॅली गाड्या स्लॉट कारमध्ये तयार मिळतात आणि छान मिळतात, अ‍ॅलिटालिया विमान कंपनीच्या पट्ट्यांची स्ट्रॅटोस तर इतकी दिसते की आता बघून काही वाटेनासं झालंय. हंटर मला कुठेच धड सापडली नाही. मग आपणच करू.

ऑफिसमधल्या एकाने विचारलं स्लॉट कार म्हणजे नक्की काय, तर इथेच लिहून ठेवतो म्हणजे परत परत सांगायला नको. ट्रॅकमध्ये एक खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची पट्टी, गाडीच्या नाकाखाली एक गाइड असतो तो खाचेत बसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना विणलेल्या तांब्याच्या छोट्या पट्ट्या असतात त्या करंट उचलतात. स्टिअरिंग नाही. हातातल्या कंट्रोलरने फक्त वेग कमी-जास्त. फ्रेड फ्रान्सिस नावाचा इंग्रज माणूस स्केलेक्स नावाच्या चावीच्या पत्र्याच्या गाड्या करायचा, त्याने त्यात इलेक्ट्रिक मोटर घातली आणि १९५७ मध्ये स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. स्पेनमध्ये तर कुठल्याही कंपनीच्या स्लॉट कारला लोक सरसकट स्केलेक्स्ट्रिकच म्हणतात, आपल्याकडे झेरॉक्स म्हणतात तसं.

आणि हंटरच का? कारण ती गाडी मुंबईत आलेली आहे, खरोखर, स्वतःच्या चाकांवर. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या, पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत मुंबई. ७२ पोचल्या. इथे त्या पी अँड ओ या जहाज कंपनीच्या चुसान नावाच्या बोटीवर चढवल्या, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरवल्या, पर्थहून परत शर्यत सुरू आणि १७ डिसेंबरला सिडनी. जिंकली ती अँड्र्यू कोवनची हंटर.

१० जून, मंगळवार

मामाला फोन. मामा दादरला असतो, मर्चंट नेव्हीत होता, त्यामुळे त्याच्याकडे बाहेरून आणलेल्या स्लॉट कारचं एक अख्खं कपाट आहे आणि त्यातली एकसुद्धा गाडी ट्रॅकवर कधी चाललेली नाही. सगळ्या डब्यात. डब्यावर परत प्लास्टिकची पिशवी.

त्याला हंटर पटलेली नाहीये. "अरे करायची तर आपल्या माणसाची गाडी कर ना, शेखर मेहताची डॅटसन २४० झेड कर." मुद्दा चुकीचा नाही. १९७३ ची पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली, लाल गाडी, काळं बॉनेट, मेहता आणि हॅरी कॅलस्ट्रॉम दोघांचे पेनल्टी पॉइंट सारखे झाले आणि टायब्रेकवर मेहता जिंकला, पुढे १९७९ ते ८२ सलग चार वेळा परत जिंकला. त्याच्या आधी जोगिंदर सिंग, १९६५ ला व्होल्वो पीव्ही ५४४ मध्ये, तीपण कंपनीने आधी वापरून झालेली गाडी. हे सगळं मामा मला लहानपणापासून सांगतोय. पण २४० झेड देखणी आहे रे, देखणी गाडी कुणीही करेल. हंटर म्हणजे अगदी चौकोनी, शाळेच्या मुख्याध्यापकांनी वापरावी अशी, आणि तीच जिंकली यातच मजा आहे.

शेवटी मामाने नेहमीचा प्रश्न विचारला, "चालवणार आहेस की ठेवणार आहेस?" चालवणार. तिकडून मोठ्ठा उसासा.

१४ जून, शनिवार

मापं काढली. खऱ्या हंटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) साडेअठ्ठ्याण्णव इंच, म्हणजे २५०२ मिमी, मॉडेल १:३२ म्हणून भागिले ३२ केले की ७८.२ मिमी. रुंदी ५० मिमीच्या आसपास. म्हणजे गाडी लांब आणि अरुंद. लांब असणं चांगलं, गाइड आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यात अंतर जास्त की शेपूट सावकाश सुटतं, हाताला आधी कळतं. अरुंद असणं मात्र डोकेदुखी, कारण वळणावर घसरण्याऐवजी उलटते. स्ट्रॅटोसचं बरोब्बर उलटं आहे, तिचा खरा व्हीलबेस २१८० मिमी, मॉडेलमध्ये ६८, त्यामुळे खऱ्यासारखीच मॉडेलमध्येपण गर्रकन फिरते.

बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घ्यायची. फाइल मित्र बनवतोय, तो सॉलिडवर्क्सवाला (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर), त्याला मी फोटो आणि मापं दिलीत आणि वर एक किलो आंबा बर्फी कबूल केलीये. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, तयार घेतली, व्हीलबेस पुढे-मागे करता येतो अशी. मोटर, गिअर, अ‍ॅक्सल, गाइड सगळं बाहेरून मागवलेलं आधीचं पडून होतं.

एक सांगून ठेवतो, कुणाला मोटर इकडेच घ्यायचा मोह होईल. बाजारात त्याच आकाराची खेळण्यातली १३० मोटर अगदी स्वस्तात मिळते, पण ती बहुतेक वेळा ३ ते ६ व्होल्टची असते, १२ व्होल्टवर लावली की दोन मिनिटांत वास येतो. स्लॉटवाली १२ व्होल्टची वेगळी गुंडाळलेली असते. दिसायला सेम.

२१ जून, शनिवार

पालख्या कालपासून पुण्यात, पेठांत जायचा प्रश्नच नाही. कॉपर टेप आणि एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणायला बुधवार पेठेत जायचं होतं ते आता पुढच्या आठवड्यात. घरी बसून हिशोब केला.

साधी स्लॉट मोटर १२ व्होल्टला १८,००० आरपीएम. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) ९ दाती, क्राउन (अ‍ॅक्सलवरचा मोठा) २७ दाती, म्हणजे ३:१, मागचा अ‍ॅक्सल ६,०००. चाक टायरसकट साडेअठरा मिमी, परीघ ५८. गुणाकार केला तर मिनिटाला साधारण ३४८ मीटर, म्हणजे ताशी २१ किमी. आता ३२ ने गुणा. ६७० किमी ताशी!! हे भाराशिवायचं आहे, प्रत्यक्षात कमी येणार, पण अर्धं आलं तरी १७२५ सीसीची हिलमन हंटर विमानाच्या जवळपास पोचली. हीच माझी सगळ्या बाजारातल्या रॅली स्लॉट कारबद्दलची तक्रार आहे. बॉडी रॅलीची, स्टिकर रॅलीचे, चिखलसुद्धा छापलेला, आणि खाली लोहचुंबक लावून ती सर्किटवर फॉर्म्युला वनसारखी चिकटून पळते. चुंबक ट्रॅकच्या पोलादी पट्टीला ओढून धरतो, वळणावर सुटतच नाही, आणि जेव्हा सुटते तेव्हा सोफ्याखाली. रॅलीची गाडी घसरली पाहिजे, तिरकी गेली पाहिजे.

तर निर्णय: चुंबक काढायचा, व्होल्टेज ८ च्या आसपास, आणि ट्रॅक एमडीएफचा, त्यावर पोलादी पट्टीऐवजी कॉपर टेप, म्हणजे चुंबक चिकटायचा प्रश्नच नाही.

२९ जून, रविवार

बुधवार पेठ झाली, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत सगळं मिळालं, सहा मिमीची कॉपर टेप, सिलिकॉन वायर, एलईडी पट्ट्यांना वापरतात तो १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस आणि व्होल्टेज कमी करायचा छोटा मॉड्यूल. तिथून चालत बोहरी आळीत, स्क्रू आणि पितळी तार.

प्रिंट आली. सुंदर आलीये, ग्रिलच्या आडव्या रेषा, दारांच्या फटी, सगळं. ए-पिलर (पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे खांब) मात्र इतके नाजूक की सपोर्ट काढताना एक गेलाच, रेझिन ठिसूळ असतं, त्याचा स्वभावच तो. पितळी तारेचा तुकडा आत घालून जोडला, आता तो दुसऱ्यापेक्षा मजबूत आहे. भिंतींची जाडी १.२ मिमी ठेवली होती, छत आतून आणखी घासून पातळ करतोय, कारण वरचं वजन म्हणजे उलटण्याला आमंत्रण.

६ जुलै, रविवार (आषाढी)

उपास, म्हणजे साबुदाणा खिचडी खाऊन दुपारभर सँडिंग. प्रायमरचा पहिला हात मारला आणि पांढरट पडला. पावसाळ्यात स्प्रे मारला की हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि दुधाळ डाग येतात. उपाय एकच, कॅन कोमट पाण्यात ठेवायचा, खोलीत आधी तासभर हेअर ड्रायर किंवा हीटर, आणि पातळ पातळ हात. ४०० चा पॉलिश पेपर, परत प्रायमर. आता ठीक.

रंग: निळी बॉडी, पांढरं छप्पर, बॉनेट मॅट काळं. बॉनेट काळं करायचं कारण ऊन चमकून ड्रायव्हरच्या डोळ्यात जाऊ नये. लहानपणी ज्यांच्याकडे कॉर्गी या खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीची हंटर होती त्यांना हा रंग पाठ असेल, कॉर्गीने १९६९ मध्ये काढली होती आणि सोबत एक प्लास्टिकचा कांगारू यायचा. तो कांगारू असलेला डबा आज संग्राहक लोक वेगळ्याच भावाने घेतात, कारण मुलं आधी कांगारू हरवायची.

१२ जुलै, शनिवार

मामा पुण्यात आला होता. टेबलावरची बॉडी बघून काही बोलला नाही, चष्मा काढून जवळून बघितली, म्हणजे आवडली. मग बॅगेतून त्याची स्केलेक्स्ट्रिकची डॅटसन २६० झेड काढली, दाखवायला. डब्यातून कधी बाहेर न आलेली. मी म्हटलं मामा टायर बघ. बोटाने दाबले तर दगड. मागचे दोन्ही कडक, एकाला बारीक चीर, खाली जिथे टेकलेली असते तिथे सपाट झालेले. मोटरच्या बुशमधलं (दांडा ज्यात फिरतो त्या बाहीतलं) तेल गोंदासारखं झालं असणार ते वेगळंच. काही जुन्या टायरमधलं रसायन तर खालच्या प्लास्टिकला खाऊन डाग पाडतं.

"म्हणजे डब्यात ठेवूनपण खराब होते?" होते ना. रबराला डबा कळत नाही.

तरी तो म्हणतो डबा उघडून चालवली की निम्मी किंमत गेली, आणि बाजारभावाने ते खरंच आहे, त्यावर मी वाद घालत नाही. स्पेनमध्ये एक्सिन कंपनीने तिथे बनवलेल्या जुन्या स्लॉट कार, सीट ६०० ही छोटी कार वगैरे, डब्यासकट असल्या तर लोक काय वाटेल ते देतात. माझं एवढंच की ती किंमत डब्याची आहे. गाडीचं काय? मामाने चहा प्यायला आणि विषय आयपीएलवर नेला.

१९ जुलै, शनिवार

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे स्टिकर. इंकजेटचा वॉटरस्लाइड कागद, वर क्लिअरचे दोन हात मारून मग कापायचे नाहीतर शाई पाण्यात पसरते. ७५ नंबर दारांवर आणि बॉनेटवर. इंकजेट पांढरा रंग छापत नाही, म्हणून नंबरखालचा पांढरा गोल आधी रंगवला. मास्किंगसाठी गोल कापायला भाचीचा कंपास.

काचा पेढ्याच्या डब्याच्या झाकणाच्या, पारदर्शक पीईटी, पुढची काच ड्रायरने जरा गरम करून वाकवली. आत ड्रायव्हर-को-ड्रायव्हरचे फक्त डोकी-खांदे, वजन वाचवायला. गाडीत खरे तिघे होते, कोवन, ब्रायन कॉइल आणि कॉलिन मालकिन, तिसरा मागे झोपलेला दाखवावा असा विचार आहे. लंडन ते मुंबई आठवड्याभरात, कुणीतरी झोपत असणारच ना.

पुढचा कांगारू बार (नाकाला धक्क्यापासून वाचवणारी दांड्यांची चौकट) पितळी तारेचा, सोल्डर करून. तो नुसता शोभेचा नाहीये, स्लॉट कार पहिली आपटते ती नाकावर, आणि रेझिनचं नाक वाचवायला हा बारच आहे. खऱ्या गाडीवर जे काम तेच इथे.

२७ जुलै, रविवार

हंटरबद्दल वाचत बसलो, काम कमी झालं. हंटर बनवणाऱ्या रूट्स कंपनीकडे पैसा बेताचा, डेस ओ'डेल नावाचा त्यांचा माणूस, त्याने गाडी तयार केली ती वेगवान नाही तर मोडणार नाही अशी. मुंबईत पहिला होता रॉजर क्लार्क, फोर्ड लोटस कॉर्टिना. ऑस्ट्रेलियात त्याचं आधी इंजिन गेलं, ते टीममधल्याच दुसऱ्या गाडीचे पार्ट घालून उभं केलं, मग मागचं डिफरन्शियल गेलं तर रस्त्यात दिसलेल्या एका माणसाच्या कॉर्टिनाचं विकत घेतलं. मग ल्यूसियन बियांकी पुढे, सिट्रोएन डीएस २१ मध्ये, त्याच वर्षी ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकलेला. सिडनी हाकेच्या अंतरावर आणि नाउराजवळ समोरून मिनी येऊन धडकली. मागून आलेला दुसरा स्पर्धक पॅडी हॉपकर्क थांबला, मदतीला. आणि हंटर आपली येतेच आहे, येतेच आहे, पहिली. पोचल्या एकूण ५६.

आणखी एक, हीच गाडी इराणमध्ये पैकान नावाने १९६७ पासून बनायला लागली होती. म्हणजे कोवन तेहरानमधून गेला तेव्हा रस्त्यावर त्याच्या गाडीची सख्खी बहीण टॅक्सी म्हणून फिरत असण्याची पूर्ण शक्यता. हे मला का माहीत नव्हतं आजवर!

२ ऑगस्ट, शनिवार

ट्रॅक. एमडीएफ १२ मिमी, आठ बाय चारची शीट दुकानातच कापून चार बाय दोनचे तुकडे. सोसायटीतल्या कामावर आलेल्या सुतारकाकांनी राउटर (लाकडात खाच कोरायचं मशीन) मारून दिला, तीन मिमी रुंद, सात मिमी खोल खाच. त्यांना आधी वाटलं वायरिंगचं काहीतरी आहे. खाली पाच मिमीच उरते म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या. पावसात एमडीएफच्या कडा फुगतात, त्यामुळे कडा आणि खाच दोन्हीकडून पातळ फेविकॉल आणि मग रंग, हे न करता कुणी पावसाळ्यात एमडीएफ वापरू नये.

लेन एकच. हे मुद्दाम. रॅलीत दोन गाड्या शेजारी शेजारी पळत नाहीत, एकेक सुटते आणि घड्याळाशी लढते. स्पेनमध्ये रॅलीस्लॉट म्हणून हा वेगळाच प्रकार आहे, वेगवेगळे स्टेज, वेळांची बेरीज, बर्फासाठी ट्रॅकवर पीठ टाकतात आणि मातीसाठी कोको पावडर.

आम्हीपण करून बघितलं. गव्हाच्या पिठाचा इथल्या दमट हवेत टायरवर लगदा होतो. भाचीने रांगोळी आणली, ती मी वेळेत थांबवली, रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, गिअर आणि बुश आठवड्यात खाऊन टाकेल. शेवटी काहीच नको, भिंतीचा मॅट इमल्शन, मातकट रंगाचा, तोच पुरेसा निसरडा आहे.

पहिल्या तीन बोर्डांना नाव लाताबंद. काबूलहून सरोबीकडे जाणारी जुनी घाटवाट, त्या मॅरेथॉनमधला बदनाम टप्पा. दोन हेअरपिन, मध्ये एक चढ.

९ ऑगस्ट, शनिवार (राखी)

बहीण आली, राखी झाली, जेवणं झाली, मग गाडी पहिल्यांदा लाताबंदवर.

सरळ भागात झकास. पहिल्या हेअरपिनला आडवी. परत लावली, परत आडवी. घसरत नाही, थेट कलंडते, रुंदीचं मी आधीच म्हटलं होतं. मऊ टायर घट्ट पकडतात, चाक सरकत नाही, मग वरचा भाग पुढे जातो आणि गाडी पलटते. सगळे सांगतात ग्रिप वाढवा, इथे ग्रिप कमी करायला हवी. कडक रबराचे टायर चढवले, थोडे घासून कडा गोल केल्या, आणि मासेमारीच्या शिशाचे दोन चपटे तुकडे चासीत, मोटरच्या दोन्ही बाजूंना, जितकं खाली जाईल तितकं खाली. एक छोटा तुकडा गाइडच्या मागे, म्हणजे चढावर नाक उचलणार नाही.

आणि मग! तिरकी झाली, शेपूट बाहेर, पुढची चाकं आतल्या बाजूला, हळूच सावरली. बहीण म्हणाली "अरे ही तर खरी वाटते." बस. चुंबकवाल्यांनी हे बघायला हवं होतं.

ब्रेकबद्दल एक. ट्रिगर सोडला की कंट्रोलर मोटरच्या दोन टोकांना एकमेकांना जोडतो, मोटर जनरेटर होते आणि स्वतःलाच अडवते, म्हणून कंट्रोलरला तीन वायर असतात. चुंबक नसेल तर हा ब्रेक फार जोरात लागतो आणि मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरते. ब्रेकच्या वायरमध्ये एक छोटा रेझिस्टर टाकला, आता गाडी घरंगळत वळणात शिरते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

टायमिंग. आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सुरुवातीला एक आणि शेवटी एक इन्फ्रारेड गेट, वर पुलासारखी पट्टी. मित्राने कोड दिला. खिडकीतून ऊन आलं की सेन्सर वेडावतो, सध्या ऊन येतंय कुठे म्हणा, पण ऑक्टोबरआधी वर काळी नळी बसवावी लागेल.

लय गावली की वेळ चटकन खाली येतो, मग अडकतो. गंमत म्हणजे ८ व्होल्टला जितकी कमी वेळ येते तितकी कमी १० ला येत नाही, जास्त वेगाने घुसायचं, कलंडायचं, उचलून ठेवायचं. भाची ७ वर चालवते आणि आम्हा सगळ्यांच्या पुढे आहे. एकदाही पाडत नाही. तिला कोवनबद्दल सांगितलं तर म्हणाली "मग? त्यात काय, पडायचंच नाही ना."

१७ ऑगस्ट, रविवार

मामा परत आला, यावेळी स्वतःहून. कंट्रोलर हातात घ्यायला तयार नव्हता, मग घेतला, मग तासभर सोडला नाही. २६० झेड घेऊन आलेला नाहीये, पण तिच्या मापाचे टायर कुठे मिळतील विचारत होता. मी म्हटलं युरेथेनचे मिळतात, जुने टायर डब्यातच जपून ठेव, रिम तीच राहू दे, म्हणजे तुझी किंमतपण जाणार नाही. "बघू," म्हणाला.

बाकी कामं: मागे झोपलेला मालकिन अजून बसवायचाय. दिव्यांना क्रोम रंग. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडतायत त्या लायटरच्या पेट्रोलने पुसायच्या. २७ तारखेला गणपती आणि हॉलमधलं हे टेबल मखराला लागणार, त्यामुळे २३ च्या आत बोर्ड सुटे करून बेडखाली सरकवायचे, टेपच्या जोडांवरचं सोल्डर गरम करून उघडायचं, ओढायचं नाही, टेप फाटते. विसर्जनानंतर मॅरेथॉनच्या तुर्कस्तानातल्या सिवास–एर्झिंजान टप्प्याचे बोर्ड. मित्र डीएस २१ ची फाइल सुरू करतोय, बर्फी पोचली म्हणून.